'खाली बस!' म्हटलं की मुलं उभी राहतात

वसईतल्या माणिकपूरच्या एका मराठी शाळेत मी पाचवीला भाषा शिकवत होते तेव्हाची गोष्ट. मधल्या सुट्टीनंतरचा पिरियड, खिडकीखाली स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षांची भांडणं आणि समोर पन्नासेक मुलं. त्या एका पिरियडमध्ये आपण 'खाली बस' किती वेळा म्हणतो, हे मी एक दिवस मोजलं. हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं रेघा ओढत गेले. घंटा झाली तेव्हा १९ रेघा होत्या. त्यातल्या ११ एकट्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या नावावर.

मोजायची खोड मला एका जुन्या प्रयोगानं लावली. १९६८ साली अमेरिकेत चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या एका वर्गात हेच केलं होतं. वर्ग नेहमीसारखाच: मुलं जागेवरून उठतात, बाई 'खाली बस' म्हणतात. २० मिनिटांत साधारण ७ वेळा. कुठल्याही क्षणी पाहिलं तर सरासरी तीनएक मुलं उभी असायची. मग संशोधकांनी शिक्षिकांना सांगितलं, आता जास्त वेळा म्हणा. त्यांनी २० मिनिटांत २७च्या वर वेळा म्हटलं. उभी राहणारी मुलं कमी झाली का? नाही, वाढली. तीनाच्या जागी चार. पुन्हा कमी वेळा म्हणायला लावलं, तर मुलंही कमी उठू लागली. शेवटी त्यांना सांगितलं, उठलेल्यांकडे बघूच नका. जी बसून काम करताहेत त्यांना 'छान चाललंय' म्हणा. उभ्या मुलांची सरासरी दोनाच्याही खाली आली.

मी हे दोनदा वाचलं. कारण यातली खरी गंमत आकड्यांत नाहीच. बाईंनी 'खाली बस' म्हटलं की ते मूल खरोखरच खाली बसायचं! लगेच. म्हणजे बाईंच्या डोळ्यांसमोर उपाय दर वेळी लागू पडत होता आणि तोच उपाय दर वेळी दुखणं वाढवत होता. बेकर याला टीकेचा सापळा म्हणायचे. सापळा अशासाठी की आत शिरताना तो दारासारखा दिसतो.

आता यात चाललेलं असतं काय, ते जरा जवळून बघू. मूल उभं राहतं. बाई त्याचं नाव घेतात. पन्नास माना वळतात. दिवसभर ज्याच्याकडे कुणी वळून बघत नाही, त्या पोराला एवढे प्रेक्षक एका झटक्यात मिळणं ही काही थोडीथोडकी कमाई नाही. रागानं का होईना, बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ते खाली बसतं, कारण त्याचं काम झालेलं असतं. आणि बाईंना काय मिळतं? दोन मिनिटं शांतता. बाईंचंही काम झालेलं असतं. घरीही हेच चालतं. पोर रडतं म्हणून आई त्याच्या हातात मोबाइल देते. पोराला मोबाइल मिळतो, आईला शांतता मिळते, आणि उद्या दोघंही अगदी हेच करणार, कारण दोघांनाही बक्षीस मिळालंय. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत आईच्या बाजूच्या अर्ध्या भागाला 'ऋण प्रबलन' असा जडजंबाळ शब्द आहे: नको असलेली गोष्ट थांबते, म्हणून ती थांबवणारी कृती आपल्या अंगवळणी पडते. मला मात्र तो शब्द कळल्यावर घाम फुटला. इतकी वर्षं मी समजत होते की वर्गात वळण लावण्याचं काम मी करते आहे. तिसऱ्या बाकावरचा मला वळण लावत होता, तेही माझ्यापेक्षा चोख.

त्यात आणखी एक मेख आहे. कधी लक्ष दिलं, कधी नाही, असं केलं तर वागणूक मोडत नाही, उलट मुरते. पाचूबंदरच्या धक्क्यावर गळ टाकून बसलेला माणूस बघा. दर वेळी मासा लागत असता तर न लागण्याच्या चौथ्या खेपेला तो उठून गेला असता. कधीमधी लागतो, म्हणून तो संध्याकाळपर्यंत बसतो. 'आज दुर्लक्ष करते, उद्या बघते' म्हणणारी शिक्षिका नकळत असाच गळ त्या मुलाच्या हातात देते.

आपल्याकडे द्वाड विद्यार्थ्याचं कौतुक काही कमी नाही. शेंगांच्या टरफलांची लोकमान्यांची गोष्ट न ऐकलेला मराठी माणूस सापडणं कठीण. ती घडली तशीच सांगितली जाते की नाही हा भाग वेगळा. पण त्या गोष्टीतले गुरुजी कोण, त्यांचं नाव काय, दुसऱ्या दिवशी वर्गात आल्यावर ते त्या मुलाकडे कसं बघत असतील, हे कुणी सांगत नाही. टिळक मोठे झाले म्हणून 'टरफलं मी उचलणार नाही' हे त्यांचं उत्तर बाणेदार ठरलं. न झाले असते तर उर्मट ठरलं असतं आणि गुरुजींचं बरोबर निघालं असतं. वर्गात उभ्या असलेल्या माणसाला पुढचं ठाऊक नसतं. त्याला समोरची टरफलं दिसतात.

तर, तिसरा बाक. रेघा मोजून झाल्यावर पुढच्या आठवड्यात मी रेघेशेजारी आणखी एक गोष्ट लिहू लागले: हा प्रकार घडण्याच्या आधी वर्गात काय चाललं होतं. वागण्याच्या मागे 'म्हणून' शोधण्याऐवजी वागण्याच्या आधीचं 'तेव्हा' शोधायचं, एवढंच. चार दिवसांत चित्र इतकं स्पष्ट झालं की मला माझीच लाज वाटली. धडा मोठ्यानं वाचायला मी ओळीनं सांगायचे, एका मुलानं एक परिच्छेद. वाचन पहिल्या बाकावर असताना तो शांत. दुसऱ्या बाकावर आलं की त्याची कंपासपेटी खाली पडायची. कर्कटक, गुण्या, खडूचे चोरलेले तुकडे, सगळं खणखणत फरशीवर. मग पुढच्याच्या दप्तराला लाथ. मग माझं 'चल, बाहेर उभा राहा'. आणि तो बाहेर जायचा तो चक्क हलक्या पावलांनी.

बाहेर व्हरांड्यात मोठ्यानं वाचावं लागत नाही ना.

त्याच्या घरी भोजपुरी बोलत. आईबाप कामासाठी इकडे आलेले, वडील स्टेशनच्या पलीकडे वालीवच्या एका गाळ्यात कामाला. मराठी तो गल्लीत शिकला होता आणि फर्डी बोलायचा, शिव्यांसकट. पण त्याच्या घरच्या भाषेत 'ळ' नाही. बोलताना तो त्या अक्षराला वळसा घालून जायचा. छापील ओळीला वळसा घालता येत नाही. जूनमध्ये केव्हातरी त्यानं वर्गात 'केळी'ला 'केली' वाचलं होतं. वसईत, जिथे केळ्यांची सुकेळी करतात, तिथे! वर्ग हसला. मला नंतर आठवलं, मीही हसले होते. त्या दिवसानंतर त्यानं माझ्या वर्गात एकही परिच्छेद पूर्ण वाचला नव्हता आणि मला वाटत होतं की तो अभ्यास चुकवतो.

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोघांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेलं एक काम इथे सांगायलाच हवं. त्यांच्यापुढे वाढीच्या अडचणी असलेली चार मुलं होती, वर्गात मोठा गोंधळ घालणारी. आधी त्यांनी नुसतं निरखलं. काही मुलं काम अवघड झालं की बिथरायची. काही मुलं काम सोपं असलं तरी मोठ्यांचं लक्ष कमी झालं की बिथरायची. बाहेरून गोंधळ सारखाच, आतलं कारण वेगळं. मग त्यांनी मुलांना शिक्षा केली नाही, बक्षीस दिलं नाही. एकेक वाक्य शिकवलं. अवघड कामानं बिथरणाऱ्याला, 'मला हे समजत नाही'. लक्षासाठी बिथरणाऱ्याला, 'मी नीट करतोय ना?' गोंधळ एकदम खाली आला. आणि वाक्यांची अदलाबदल केली, ज्याला मदत हवी त्याला लक्ष मागायचं वाक्य दिलं, तर काहीच उपयोग झाला नाही. म्हणजे गोंधळ हे त्या मुलांचं बोलणंच होतं. ज्या क्षणी त्याच अर्थाचा सोपा शब्द हाती आला, त्या क्षणी त्यांनी अवघड शब्द टाकून दिला.

कंपासपेटी खाली पडण्याचा अर्थ काय होता, हे मला तोवर कुणी भाषांतर करून दिलं नव्हतं, एवढंच.

बी.एड.ला आम्हाला पिग्मॅलियनचा प्रयोग शिकवला होता, शिक्षकाच्या अपेक्षेनं मुलाची बुद्धी वाढते तो. त्याच्या निष्कर्षांवर पुढे बरेच वाद झाले, म्हणून मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही. मला जास्त पटतो तो जेकब कौनिन. हा प्राध्यापक एकदा वर्गात व्याख्यान देत असताना मागे कुणीतरी वर्तमानपत्र वाचत बसलं होतं. त्यानं त्याला झापलं. झापलं एकाला, पण ताठ बसले भलतेच. याचं कुतूहल वाटून तो त्या विषयाच्या मागेच लागला. शिक्षक मुलाला कसं रागावतो यावरून वर्ग सुधारतो का, हे शोधायला त्यानं वर्गांचं चित्रीकरण करून तासन् तास पाहिलं आणि त्याच्या हाती नकारघंटा आली. गडबड झाल्यावर शिक्षक काय करतो, कडक बोलतो की मऊ, यानं जवळपास फरकच पडत नव्हता. ज्यांचे वर्ग शांत असत ते शिक्षक गडबड होण्याच्या आधी वेगळं वागत होते. वर्गात कुठे काय शिजतंय हे त्यांना ठाऊक असे आणि ते ठाऊक आहे हे मुलांनाही ठाऊक असे. काम रेंगाळू देत नसत. १९७० साली त्यानं हे सगळं पुस्तकात मांडलं. आपल्याकडे अशा बाईंबद्दल मुलं म्हणतात, त्यांना मागेही डोळे आहेत.

पण 'आधी काय होतं ते बघ' हे शिकायला अमेरिकेला जायची खरंच गरज नव्हती. वसई रोडला डहाणू लोकल पकडायची, पुरेसं होतं.

माणिकपूर ज्या पालघर जिल्ह्यात येतं, त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला बोर्डी आणि कोसबाड. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं मोठं काम उभं केलं होतं. गिजुभाईंचं 'दिवास्वप्न' हे गुजराती पुस्तक वाचलं नसेल तर वाचा. त्यातला शिक्षक मोठ्या उमेदीनं चौथीचा वर्ग मागून घेतो, पहिल्याच दिवशी मुलांना शांत बसण्याचा खेळ खेळायला सांगतो आणि मुलं तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढून त्याची पार फजिती करतात. तो मुलांना घरी सोडतो. दुसऱ्या दिवशी येऊन गोष्ट सांगायला लागतो. मला हे पुस्तक आवडतं ते या पहिल्या दिवसासाठी. शिक्षणावरच्या पुस्तकांत शिक्षकाची फजिती फार क्वचित छापतात.

बोर्डीत ताराबाईंच्या हाताशी अनुताई वाघ होत्या. लहानपणी लग्न, तेराव्या वर्षी वैधव्य, पुण्यात हुजूरपागेत नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक, अशी वाट तुडवत त्या पस्तिसाव्या वर्षी तिथे पोचल्या आणि शेवटपर्यंत, १९९२पर्यंत, त्या कामातून हलल्या नाहीत. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती वस्तीवरची मुलं येईनात. आता इथे कुणीही काय म्हटलं असतं? यांना शिकायचंच नाही. आईबाप अडाणी. दोघींनी मुलांना बोलावणं पुरे केलं आणि बालवाडीच उचलून वस्तीवर नेली, घरांच्या अंगणात. तिथूनच 'अंगणवाडी' हा शब्द आला. महागडी माँटेसरी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, खडे, पानं मांडली.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध. तिथला पेच आणखी अवघड होता. मोठी मुलं दिवसभर गुरांमागे. शाळेच्या वहीत ती 'गैरहजर'. पण गैरहजर म्हणजे काय, तर गुरांकडे हजर. मूल शाळेत आलं तर गुरं कुणी राखायची, हा घरच्यांचा साधा हिशेब होता. मग शिक्षक गुरांच्या मागे गेले. कुरणात झाडाखाली फळा टेकवायचा आणि गुरं चरतात तोवर शिकवायचं. याचं नाव कुरणशाळा. आणि मुली? त्या येत नसत कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असे. तर भावंडालाही आण. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, तिला विकासवाडी म्हटलं. बहीण अक्षरं गिरवते आहे आणि भाऊ शेजारी झोळीत झोपला आहे. मुलीचा 'हट्टीपणा' तिथल्या तिथे संपला, कारण तो मुळात हट्टीपणा नव्हताच, ते एक दीड वर्षाचं बाळ होतं.

मला ही गोष्ट कुठल्याही प्रयोगापेक्षा मोठी वाटते. कौनिननं चित्रीकरण तासन् तास पाहिलं तेव्हा जे त्याला दिसलं, ते या दोघींना पाड्यावर चालत जाऊन दिसलं होतं, त्याच्या पुस्तकाच्या कितीतरी आधी. भारत सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली तेव्हा केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. आज देशात अशा सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यातल्या कितींमध्ये मुलाच्या अंगणात जाण्याची मूळ जिद्द उरली आहे, हा प्रश्न मी इथे काढत नाही.

हे सगळं समजल्यावर तिसऱ्या बाकाचं मी काय केलं? फार काही नाही. त्याला आदल्या दिवशी सांगितलं, उद्या तुझा परिच्छेद हा. घरी दहा वेळा वाच. आणि नको असेल तेव्हा पुस्तकावर पट्टी आडवी ठेव, मी पुढच्याला सांगेन, कुणाला कळणार नाही. पट्टी म्हणजे त्याचं वाक्य. कंपासपेटीऐवजी.

पहिला आठवडा भयंकर गेला. कंपासपेटी आधीपेक्षा जास्त वेळा पडली. हेही पुस्तकांत लिहिलेलं असतं: नेहमीचा रस्ता बंद झाला की माणूस आधी दार जोरजोरात ठोठावतो, मगच परत फिरतो. बहुतेक शिक्षक आणि बहुतेक आया याच आठवड्यात हरतात. मीही दोनदा हरले, एकदा तर त्याला पुन्हा बाहेर काढलं. दुसऱ्या आठवड्यात पट्टी दिसू लागली. रोज. दिवाळीनंतर कधीमधी दिसेनाशी झाली. त्या काळात रोज मधल्या सुट्टीत मी त्याच्याशी दोन मिनिटं बोलायचे, अभ्यास सोडून कशावरही. बहुतेक वेळा क्रिकेटवर. मला क्रिकेट कळत नाही, त्यामुळे शिकवण्याचं काम त्याच्याकडे असायचं, आणि तो मला फार पेशन्सनं शिकवायचा.

वही तपासताना एकदा मी त्याच्या निबंधाखाली लिहिलं, 'चुका दाखवते आहे, कारण तुला याहून चांगलं जमेल हे मला माहीत आहे.' हे वाक्य माझं नाही. डेव्हिड येगर आणि जेफ्री कोहेन यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सातवीच्या मुलांच्या तपासलेल्या निबंधांना साधारण याच अर्थाची चिठ्ठी चिकटवली होती. शिक्षकांवर विश्वास ठेवायला सर्वांत कमी कारण असलेली कृष्णवर्णीय मुलं होती; त्यांच्यात साधी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी १७ टक्क्यांनी निबंध सुधारून परत दिला, ही चिठ्ठी मिळालेल्यांपैकी ७२ टक्क्यांनी. मुलं थोडीच होती, तेव्हा आकडे डोक्यावर घेऊन नाचू नये. माझ्या मुलानं निबंध सुधारून दिला नाही. पण वहीचं ते पान त्यानं फाडलंही नाही, आणि वहीची पानं फाडून विमानं करण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी वर्गात नव्हता.

सातवीनंतर तो शाळा सोडून गेला. आपल्याकडच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो आणि त्यात क्लार्क सगळ्यांच्याच नावापुढे 'चांगली' भरतात. दाखला घेऊन तो माझ्याकडे आला आणि तो शब्द बोट ठेवून मोठ्यानं वाचून दाखवला, एकदाही न अडखळता. मग वरचा मथळा वाचला. 'शाळा सोडल्याचा दाखला' हे शब्द त्याच्या तोंडी अजूनही 'शाला'पासूनच सुरू होत होते.